बॅकअप आहे असे मला वाटत होते

कपाटाच्या वरच्या खणात, एका गोल प्लास्टिकच्या डब्यात, सव्वीस डीव्हीडी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात मार्करने वर्ष आणि विषय लिहिला होता, आणि त्या डब्याच्या भरवशावर २००६ ते २०११ या काळातल्या मूळ फाइली मी संगणक बदलताना निर्धास्तपणे पुसून टाकल्या होत्या. वडिलांचे एक छायाचित्र हवे होते म्हणून २०२३ मध्ये मी तो डबा उघडला. सव्वीसपैकी सात तबकड्या ड्राइव्हने ओळखल्याच नाहीत. आणखी चार उघडल्या, त्यांनी फाइलींची नावेही दाखवली, पण कॉपी करू लागताच त्या अर्ध्या वाटेत अडकून बसल्या. तबकड्या खराब होतात हे समजण्यासारखे होते. बोचले ते हे, की लिहून झाल्यावर यांतली एकही तबकडी मी पुन्हा कधी वाचून पाहिली नव्हती, आणि तरीही ‘माझ्याकडे सगळ्याचा बॅकअप आहे’ असे बारा वर्षे सांगत आले होते.

कारखान्यात तयार होणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीत माहिती साच्याने उमटवलेल्या खळग्यांच्या रूपात असते. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत मात्र सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसर त्या थरावर खुणा भाजत जातो. प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांनी हा थर हळूहळू बदलतो. शिवाय डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते, आणि कडेने त्या जोडात हवा व ओल शिरू लागली की आतला परावर्तक थरही बिघडतो. माझा डबा भिंतीतल्या कपाटात होता आणि त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असे, एवढे सांगितले की पुरे.

अडकणाऱ्या चार तबकड्यांसाठी मी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम वापरला. नेहमीच्या कॉपीला एखादा भाग वाचता आला नाही की ती तिथेच मान टाकते. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, कठीण जागा एका नकाशा-फाइलीत नोंदवून ठेवतो आणि मग फक्त त्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. या नकाशाचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी कळला. तीच तबकडी मी दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तोच नकाशा पुढे चालवला, तर पहिल्या ड्राइव्हला न वाचता आलेल्या बऱ्याच जागा दुसऱ्याने वाचल्या. चारही तबकड्या जवळजवळ पूर्ण निघाल्या आणि ‘मेलेल्या’ सातांपैकी दोन या दुसऱ्या ड्राइव्हने ओळखल्या. पाच गेल्या. हवे असलेले छायाचित्र त्या पाचांत होते. ते अखेर मावसबहिणीच्या फोनमध्ये सापडले, परंतु निरोपांच्या ॲपमधून फिरून आल्यामुळे त्याचा आकार बारीक झाला होता आणि कधी काढले याची आतली नोंद पुसली गेली होती.

त्यानंतर घरातल्या सर्व फाइली नीट जतन करण्याचे काम मी हाती घेतले. दोन आठवड्यांत आटपेल असे वाटलेल्या या कामाला चार महिने लागले.

पहिला महिना नुसता गोळा करण्यात गेला. दोन जुने लॅपटॉप, रुंद चपट्या केबलची एक जुनी हार्ड डिस्क, चार पेन ड्राइव्ह, तीन फोन आणि ईमेलला जोडून आलेल्या असंख्य फाइली, असे सगळे एका मोठ्या डिस्कवर ओतले तेव्हा सुमारे १.४ टेराबाइटचा ढीग झाला. त्यात एकच फाइल चार-चार ठिकाणी होती, कारण संगणक बदलताना दर वेळी मी जुन्या संगणकाचे सारे पोट ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये ओतत असे. ‘जुने’च्या आत ‘जुने’ आणि त्याच्या आत ‘खूप जुने’. एकसारख्या नावाच्या फाइली काढून टाकाव्यात असा मोह झाला होता, आणि तसे केले असते तर मोठेच नुकसान झाले असते. कॅमेरा फाइलींना चार आकडी क्रमांक देतो आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतो. त्यामुळे माझ्याकडे एकाच नावाची, पण वेगवेगळ्या वर्षांची तीन-तीन छायाचित्रे होती. नावावर न जाता आतली माहिती तंतोतंत एक आहे का हे तपासणारा प्रोग्रॅम चालवला, तेव्हा ढीग निम्म्याहून खाली आला. मग सॉफ्टवेअरच्या जुन्या स्थापना-फाइली, कुठूनही पुन्हा मिळतील असे चित्रपट आणि गाणी हे सगळे काढले. उरल्या ८७,४१२ फाइली, ६१० गिगाबाइट. यांतले पुन्हा मिळणार नाही असे खरोखर किती आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर फारच थोडे आले. तरी जागा आहे म्हणून बाकीचे ठेवले. हा दुबळेपणा आहे हे मला मान्य आहे.

नावांच्या बाबतीत फार विचार केला नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने फोल्डरचे नाव सुरू केले की नावांची क्रमवारी आपोआप काळाची क्रमवारी होते. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचाही हाच क्रम आहे. छायाचित्रांच्या तारखा मात्र फाइलीवर दिसणाऱ्या तारखेवरून न घेता कॅमेऱ्याने आत लिहून ठेवलेल्या नोंदीवरून घेतल्या, कारण बाहेरची तारीख कॉपी करतानाही बदलू शकते.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो एका लहानशा फाइलीवर. वडिलांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी स्वतः टंकून काढल्या होत्या. ती फाइल सुरक्षित होती, एकही बाइट इकडची तिकडे झालेली नव्हती, आणि उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची अर्थहीन रांगोळी दिसत होती. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, परंतु घरोघरच्या संगणकांवर मराठी टंकलेखन पुढेही अनेक वर्षे निराळ्या पद्धतीने होत राहिले. त्या पद्धतीत फाइलीत प्रत्यक्ष रोमन अक्षरांचे संकेत साठवले जात आणि त्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम फॉन्ट करीत असे. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला. जी फाइल आपण प्राणपणाने जपली ती वाचण्याची किल्ली तिच्या आत नव्हतीच.

तो फॉन्ट नशिबाने त्या जुन्या हार्ड डिस्कवर, फॉन्टच्या फोल्डरमध्ये सापडला. तो बसवताच वडिलांचा मजकूर जसाच्या तसा उभा राहिला. परंतु प्रत्येक वाचकाने आधी हा फॉन्ट शोधावा ही अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून जुने संकेत नव्यांत बदलणाऱ्या परिवर्तक प्रोग्रॅमने मजकूर युनिकोडमध्ये आणला. परिवर्तकाचे काम नव्वद टक्के चोख आणि उरलेले दहा टक्के छळणारे असते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकली जाई आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा, म्हणजे उच्चाराप्रमाणे आहे. जोडाक्षर आले की परिवर्तकाचा गोंधळ उडे आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. ‘दुसऱ्या’मधला र तर बहुतेक ठिकाणी गायबच झाला होता. एकशे चाळीस पाने मी मूळ फाइल शेजारी ठेवून ओळ-ओळ तपासली, आणि या निमित्ताने वडिलांच्या आठवणी पहिल्यांदाच सलग वाचून झाल्या. शेवटी तीन रूपे ठेवली: मूळ फाइल तिच्या फॉन्टसह, युनिकोडमधली साधी मजकूर-फाइल, आणि पीडीएफ/ए. दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये मानक म्हणून आलेल्या या प्रकारात लागणारे फॉन्ट फाइलीच्या आतच बांधून द्यावे लागतात. आमच्या घरात जे घडले ते टाळण्यासाठीच जणू तो नियम केलेला आहे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी २०१५ मध्ये ‘डिजिटल अंधारयुगा’चा इशारा दिला होता, फाइली असतील पण त्या उघडणारे काही उरणार नाही, असा. तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती.

फाइली तयार झाल्यावर त्या कशावर ठेवायच्या हा प्रश्न आला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम बहुतेकांना माहीत असतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. मी एक प्रत घरच्या संगणकात, दुसरी फिरत्या तबकडीच्या बाह्य हार्ड डिस्कवर, तिसरी तशाच पण दुसऱ्या बनावटीच्या डिस्कवर धाकट्या भावाच्या घरी, आणि चौथी कूटबद्ध करून, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, क्लाउडवर ठेवायची असे ठरवले. दोन डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या बनावटीच्या घेतल्या, कारण एकाच गठ्ठ्यातल्या डिस्क एकाच दोषाने एकदम जाऊ शकतात. फिरते भाग नसलेली लहान, वेगवान एसएसडी डिस्क घेण्याचा आग्रह भावाने धरला होता. पण एसएसडी आणि पेन ड्राइव्ह यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते आणि वीज न मिळता ते वर्षानुवर्षे पडून राहिले तर तो भार झिरपत जातो. जेडेक या मानक-संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा वापरून संपल्यावर ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकावी. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. तरी कपाटात ठेवून विसरण्याची ती वस्तू नव्हे. फिरती हार्ड डिस्कही विसरण्याची वस्तू नव्हे, पण तिच्यावर माझा विश्वास थोडा अधिक आहे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी जे सांगते त्यावर मात्र मी विसंबत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. ‘प्रकृती उत्तम’ या हिरव्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की अजून तक्रार नाही.

नक्कल करण्यासाठी ‘आरसिंक’ हा १९९६ पासूनचा प्रोग्रॅम वापरला. मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकण्याची एक सोय त्याला आहे, आणि उगम व गंतव्य यांची अदलाबदल झाली तर ती सोय कत्तलखाना होते. माझ्या हातून अगदी तेच झाले होते. रिकामी नवी डिस्क उगमाच्या जागी आणि भरलेली डिस्क गंतव्याच्या जागी लिहिली गेली. सुदैवाने प्रत्यक्ष काही न करता नुसते काय होईल ते दाखवणारा तालमीचा पर्याय आधी चालवण्याची सवय लावून घेतली होती. पडद्यावरून सत्त्याऐंशी हजार फाइली ‘पुसणार’ म्हणून धावू लागल्या तेव्हा हात थरथरले. ती तालीम होती.

नक्कल पूर्ण झाली, कुठेही चूक दाखवली गेली नाही. पूर्वीची मी इथेच थांबले असते. या वेळी प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा आधीच काढून यादीत लिहून ठेवला होता. हा ६४ चिन्हांचा ठसा फाइलीच्या आशयावरून गणिताने निघतो आणि एक बिट बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. यातही एक खाच आहे: नुकत्याच लिहिलेल्या फाइली संगणकाच्या स्मृतीत रेंगाळत असतात, त्यामुळे लगेच पडताळणी केली तर डिस्कवर काय उमटले ते न वाचता स्मृतीतलीच प्रत वाचली जाण्याची शक्यता असते. म्हणून डिस्क काढली, पुन्हा जोडली आणि पडताळणी सुरू केली. तीन ठसे जुळले नाहीत.

डिस्क सदोष असावी असे मानून ती बदलून घेण्याची मी तयारी केली, आणि निघण्यापूर्वी सहज म्हणून पडताळणी पुन्हा एकदा चालवली. या वेळी आधीच्या तीन फाइली जुळल्या आणि दुसऱ्याच दोन जुळल्या नाहीत. केबल बदलली, तरी तोच खेळ. मग तीच डिस्क भावाच्या लॅपटॉपला लावली: सर्वच्या सर्व ८७,४१२ ठसे जुळले. डिस्क निर्दोष होती, वाचणारा संगणक खोटे बोलत होता. रात्रभर स्मृती-चाचणी लावून ठेवली तेव्हा रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन पट्ट्यांपैकी एकीत दोष निघाला. घरगुती संगणकांच्या रॅममध्ये अशा चुका पकडणारी व्यवस्था सहसा नसते. त्यातून जाणाऱ्या लाखो फाइलींपैकी एखादीचा एखादा बिट उलटतो आणि कुणालाही पत्ता लागत नाही. हा दोष किती दिवसांचा होता हे कळायला मार्ग नव्हता, परंतु काही छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग करडा का झाला असावा, याचा अंदाज आला. रॅम बदलली, आणि गोळा करण्यापासूनचे सारे काम जुन्या डिस्कवरून पुन्हा केले. चार महिने लागले ते यामुळे.

क्लाउडच्या प्रतीविषयी फार सांगण्यासारखे नाही. फोनबरोबर आपोआप जुळत राहणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण फोनवर पुसलेले तिथेही पुसले जाते. म्हणून जुन्या अवस्था धरून ठेवणारा आणि घरातच कूटबद्ध करून मग पाठवणारा ‘रेस्टिक’ हा प्रोग्रॅम घेतला. बाह्य डिस्क काम संपताच काढून ठेवते. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’सारखी खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालतात, काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत ती पोहोचत नाहीत.

कूटबद्धतेच्या बाबतीत मी तज्ज्ञांच्या सल्ल्याविरुद्ध वागले. भावाकडच्या डिस्कवर छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि वडिलांच्या आठवणी उघड्याच ठेवल्या आहेत. आर्थिक व ओळखीची कागदपत्रे तेवढी एका कुलूपबंद पेटीत. ती डिस्क चोरीला जाण्यापेक्षा माझ्यामागे पासवर्ड कुणालाच न सापडण्याची शक्यता मला कितीतरी अधिक वाटते, आणि आमच्या छायाचित्रांत चोराला रस असेल असे मानणे हा अहंकारच होईल. ती डिस्क एक्सफॅट या, डिस्कवर फाइली मांडण्याच्या, पद्धतीने तयार केली. या पद्धतीत फाइलींच्या आशयातला बिघाड ओळखण्याची सोय नाही, पण ती जवळजवळ कुठल्याही संगणकावर उघडते. बिघाड ओळखायला माझी ठशांची यादी आहे.

शेवटची परीक्षा माझी मी घेण्यात अर्थ नव्हता. भाचीच्या हाती डिस्क आणि सूचनांचा एक छापील कागद दिला, आणि सांगितले की आजोबांच्या आठवणींतले पहिले पान आणि विमा-पॉलिसीची प्रत काढून दाखव. मी शेजारच्या खोलीत बसते. आठवणींचे पान तिने तीन मिनिटांत स्वतःच्या फोनवर उघडले. पॉलिसीपाशी गाडी अडली. वीस मिनिटांनी ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, “आत्या, यात लिहिलंय, पासवर्ड नेहमीच्या जागी आहे. नेहमीची जागा म्हणजे कुठली?” ती जागा मी सोडून कुणालाही माहीत नव्हती. कागद नव्याने लिहिला. पासवर्ड आता दोन बंद पाकिटांत दोन घरी आहे, आणि कोणते पाकीट कुठे हे आम्हा तिघांना ठाऊक आहे.

दर सहा महिन्यांनी भावाकडची डिस्क इथे येते आणि इथली तिकडे जाते. त्या दिवशी ठसे पडताळायला दोन-अडीच तास लागतात आणि निकाल कागदावर तारखेसह पेनने लिहिला जातो. आतापर्यंत सर्व जुळले आहे. त्या पाच तबकड्या मी टाकलेल्या नाहीत. गेल्या खेपेस भाऊ माळ्यावरून एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह शोधून घेऊन आला. त्याने पाचांपैकी एक ओळखली. हे लिहीत असताना डीडीरेस्क्यू तिच्यावर चालू आहे, ६१ टक्के झाले आहेत, आणि कोणती फाइल कुठे आहे हे पाहायला मी अजून थांबले आहे.